संदर्भ पाहून सेवा देणाऱ्या मोबाइल प्रणाली : संदर्भच कळला नाही तर दार उघडे ठेवायचे की बंद?

तापीकाठचा (जळगाव)

रेल्वेचे अनारक्षित तिकीट मोबाइलवर काढणाऱ्या अनेकांनी हा अनुभव घेतला असेल. घरून, रिक्षातून किंवा स्टेशनबाहेरच्या टपरीवरून तिकीट विनातक्रार निघते. मात्र फलाटावर जाऊन उभे राहिले की तोच फोन, तेच खाते आणि खात्यात तेवढेच पैसे असूनही कागदविरहित तिकीट नाकारले जाते. तपासनीस दिसल्यावर तिकीट काढता आले असते, तर फुकट्यांचे फावले असते. म्हणून रुळांच्या आसपास हे न दिसणारे कुंपण घातले आहे. पूर्वी त्याला बाहेरचेही कुंपण होते. उपनगरी भाग सोडला तर स्टेशनपासून २० किलोमीटरच्या आतच तिकीट निघत असे. ते बाहेरचे कुंपण २०२४ मध्ये काढून टाकले, आतले मात्र राहिले. स्टेशनात लावलेला क्यूआर कोड स्कॅन केला, तर आवारात उभे राहूनही तिकीट मिळते, म्हणजे प्रवासी नेमका कुठे उभा आहे याचा दुसरा पुरावा हाती आला की पहिला नियम सैल होतो.

वापरणारा कोण आहे एवढ्यावर न थांबता तो कुठे, केव्हा, कोणत्या स्थितीत आणि कोणत्या उपकरणासह सेवा मागतो आहे, हे पाहून सेवा द्यायची की नाही आणि दिली तर किती द्यायची, हे ठरवणाऱ्या प्रणालींबद्दल हा धागा आहे.

विचार जुना आहे. झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रातील मार्क वायझर यांनी १९९१ मध्ये असे मांडले की संगणक टेबलावरून उठून भिंतींत, खिशांत आणि रोजच्या वस्तूंत असा मिसळून जाईल की तो आहे हे जाणवणारही नाही. १९९२ मध्ये केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेतील रॉय वाँट, अँडी हॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंगावर लावायच्या बिल्ल्याचे काम प्रसिद्ध केले. तो बिल्ला दर १५ सेकंदांनी अवरक्त किरणांतून आपली ओळख सांगत असे. त्यामुळे कोण कोणत्या खोलीत आहे हे कळे आणि आलेला फोन त्या माणसाच्या जवळच्या यंत्राकडे वळवता येई. बिल शिलिट यांनी १९९४ मध्ये संदर्भसजग संगणनाची, म्हणजे भोवतालची स्थिती ओळखून वागणाऱ्या संगणकांची, मांडणी केली, आणि २००१ मध्ये अनिंद डे यांनी संदर्भाची व्याख्या इतकी रुंद केली की सेवेच्या दृष्टीने महत्त्वाच्या असलेल्या व्यक्ती, स्थळ किंवा वस्तू यांची स्थिती सांगणारी कोणतीही माहिती तिच्यात बसते.

माझा आक्षेप असा आहे, की या प्रणाली बांधताना आपण संदर्भाला दोनच किमती देतो, जुळला किंवा जुळला नाही. खानदेशात मात्र तिसरीच किंमत सर्वांत जास्त वेळा येते, ती म्हणजे कळले नाही. रेंज गेलेली असते, जीपीएसला आकाश दिसत नसते, लाइट नसल्याने राउटर बंद असतो. बहुतेक अ‍ॅप 'कळले नाही' याला गुपचूप 'जुळला नाही' असे धरतात आणि दार लावून घेतात. हा निर्णय कोणी विचारपूर्वक घेतलेला नसतो; लिहिणाऱ्याने ती शक्यताच धरली नव्हती, म्हणून तो आपोआप होऊन बसतो. प्रत्येक सेवेसाठी या तिसऱ्या किमतीचे उत्तर आधी लिहून ठेवले पाहिजे, असे मला वाटते. आपापल्या कामातले दाखले द्यावेत, ही विनंती.

---

निंभोरा_केळी (ता. रावेर)

सर, आपला प्रश्न आमच्या रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे केळी पिकवण्याच्या बंद खोलीत, रोजचाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कच्ची केळी क्रेटमध्ये रचून चेंबरमध्ये लावली की तापमान साधारण १६ ते १८ अंशांवर ठेवून फळ पिकवणारा इथिलीन वायू सोडतात. त्याचे प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) वर जाऊ द्यायचे नसते. अन्नसुरक्षेचा नियमही तेच सांगतो. साधारण एक दिवस दार बंद राहते. या काळात फळ श्वसन करत असल्याने आत कार्बन डायऑक्साइड साचतो. तो वेळेवर बाहेर काढला नाही तर माल नीट पिकत नाही, आणि अशा बंद खोलीत माणूस अडकला तर त्याच्याही जिवावर बेतू शकते. हे सगळे आता फोनवरून चालवता येते, वायूचा व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसर, हवा बाहेर फेकणारा पंखा, सगळेच.

प्रणाली बसवून देणाऱ्यांनी सुरुवातीला असा नियम घातला की व्यवस्थापकाचा फोन आवारात असेल तरच बटणे चालतील. कागदावर हे बरोबर दिसते. अडचण अशी की चेंबरच्या भिंती पफ पॅनेलच्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी पत्रा आणि मध्ये फोम अशा असतात. आत शिरले की जीपीएस संपतो, बहुतेक वेळा रेंजही जाते, आणि फोन सर्वांत शेवटी माहीत असलेली जागाच खरी म्हणून सांगत राहतो. त्यामुळे माणूस प्रत्यक्ष आत असताना प्रणालीला तो फाटकाजवळ दिसत असे.

यावर दाराच्या चौकटीला ब्लूटूथचे छोटे बीकन, म्हणजे आपली ओळख सतत प्रसारित करणारे उपकरण, लावले. तेव्हापासून फोनला आपण दाराच्या किती जवळ आहोत हे उपग्रहाविना कळते. परंतु खरा बदल नियमांत झाला. 'सुरू करणे' आणि 'बंद करणे' या दोन कामांना आम्ही वेगवेगळ्या अटी लावल्या. वायू सोडायचा असेल तर व्यवस्थापक दाराशी हवा, दार बंद असल्याचे सेन्सरने सांगितलेले हवे आणि आत कोणी नाही याची नोंद हवी. यातले एक जरी कळले नाही तरी व्हॉल्व्ह उघडणार नाही. वायू बंद करायचा किंवा पंखा लावायचा असेल, तर मात्र नोंदणी असलेला कोणताही फोन, कुठूनही आणि कोणत्याही वेळी चालेल. जागा विचारलीच जाणार नाही. बंद करण्यात चूक झाली तर फार तर एका खोलीतला माल एक दिवस उशिरा पिकेल.

---

भुसावळ_जंक्शन

संदर्भ म्हटले की सर्वांच्या डोळ्यांसमोर आधी जागा येते, आणि जागा म्हटली की नकाशावरचा एक ठिपका. मी सिग्नल खात्यात नोकरी केलेला माणूस आहे. तो ठिपका पाहून मला नेहमी नवापूर आठवते.

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर स्टेशनातून महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात आहे, स्टेशन मास्तरांचे दालन गुजरातेत आहे आणि फलाटावरचे एक बाकडे दोन्ही राज्यांत मिळून आहे. त्या बाकड्यावर बसलेल्या माणसाला राज्य पाहून सेवा देणारे अ‍ॅप काय देणार? मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतो. पत्र्याच्या छपराखाली ही चूक बरीच वाढते. जीपीएस बंद ठेवून केवळ मोबाइल टॉवरवरून जागा काढली, तर ग्रामीण भागात काही किलोमीटरांचा फरक सहज पडतो, आणि सीमेवरचा फोन पलीकडच्या दूरसंचार सर्कलचा टॉवर पकडून बसला तर माणूस महाराष्ट्रात आणि फोनच्या मते तो गुजरातेत, अशी अवस्था होते. त्यातून भाषा, दर, योजना किंवा पात्रता ठरत असेल, तर बाकड्यावर कूस बदलताच माणसाचे हक्क बदलतील.

म्हणून जागेसोबत तिच्या अचूकतेचा आकडाही नियमाने पाहिला पाहिजे. अँड्रॉइड प्रत्येक जागेबरोबर अंदाजे किती मीटरची चूक संभवते हे देतो. तो आकडा कुंपणाच्या रुंदीपेक्षा मोठा असेल, तर त्या क्षणी फोन आत आहे की बाहेर हे कोणालाच ठाऊक नसते, आणि तरीही प्रणाली 'बाहेर' असे छातीठोकपणे सांगत असेल तर ती चक्क खोटे बोलते आहे. सिग्नलच्या कामात आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात की तार तुटली, दिवा गेला, काहीही बिघडले तरी सिग्नलने लाल दाखवले पाहिजे. मात्र तिथे गाडी थांबणे हेच सुरक्षित आहे, हे आधी ठरलेले असते. मोबाइलवरच्या सेवांमध्ये थांबणे सुरक्षित आहे की नाही, हे आधी कोणी ठरवतच नाही.

---

प्रणालीकार (मूळ अमळनेर, सध्या पुणे)

या विषयात काम करतो म्हणून रचनेबद्दल लिहितो.

ढोबळमानाने तीन कामे असतात. भोवती कोणत्या सेवा आहेत हे शोधणे, संदर्भ गोळा करून त्याचा अर्थ लावणे, आणि त्यावरून परवानगी ठरवणे. पहिल्या कामासाठी सन कंपनीचे जिनी, यूपीएनपी (दोन्ही नेटवर्कवरची उपकरणे व सेवा आपोआप शोधण्याच्या पद्धती), ब्लूटूथची स्वतःची शोधपद्धत असे प्रयत्न १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून झाले. आज आपण कार्यालयात गेल्यावर फोनला प्रिंटर आपोआप दिसतो, ते त्याच वाटेने आलेले आहे. दुसऱ्या कामात जॉर्जिया टेकच्या डे आणि ग्रेगरी अबाउड यांनी सेन्सरचा तपशील अ‍ॅपपासून वेगळा काढला, म्हणजे जागा बिल्ल्याने कळली की उपग्रहाने, हे अ‍ॅपला माहीत असण्याची गरज उरली नाही. सोय मोठी झाली, पण भुसावळकरांनी सांगितलेला अचूकतेचा आकडाही बऱ्याचदा या वेगळेपणाच्या भिंतीआडच राहून जातो.

तिसऱ्या कामाबद्दल थोडे जास्त लिहितो. पारंपरिक पद्धतीत परवानगी भूमिकेला जोडलेली असते, उदाहरणार्थ तलाठी, परिचारिका, व्यवस्थापक. इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठातील संशोधकांनी २००४ च्या सुमारास परवानग्या थेट संदर्भाला जोडण्याची मांडणी केली. एखाद्या जागी, एखाद्या स्थितीत आलेल्या माणसाला तिथल्या परवानग्या आपोआप मिळतात आणि तो बाहेर पडला की त्या संपतात. ज्याला आपण आधी ओळखतही नाही अशा फिरत्या वापरकर्त्यासाठी हे उपयोगी आहे. त्याच गटाने २००३ मध्ये आणखी एक कल्पना मांडली होती. फोनच्या वतीने काम करणारा एक प्रतिनिधी स्थिर नेटवर्कवर ठेवायचा, आणि माणूस सरकेल तसा तो प्रतिनिधीही त्याच्या जवळच्या केंद्रावर सरकवायचा. फोनची बॅटरी संपली किंवा संपर्क तुटला तरी प्रतिनिधी काम सांभाळून ठेवतो आणि फोन परत आला की निकाल हाती देतो. कार्नेगी मेलनचे महादेव सत्यनारायणन यांनी पुढे २००९ मध्ये असा छोटा गणनसाठा, म्हणजे लहानसा सर्व्हर, वापरणाऱ्याच्या जवळच ठेवावा, असा विचार मांडला.

सातपुड्याच्या पायथ्याशी मला हीच रचना योग्य वाटते. निर्णय मुंबईच्या किंवा आणखी कुठल्या सर्व्हरवर न घेता गावातल्या एखाद्या पेटीत किंवा थेट फोनमध्येच घ्यावा. नियमांची डिजिटल सही केलेली प्रत फोनमध्ये ठेवावी, तिला मुदत असावी, आणि संपर्क आला की ती ताजी करावी. निंभोऱ्याच्या भाऊंनी लिहिलेली 'शेवटची माहीत असलेली जागा' ही अडचण याच प्रकारची आहे. संदर्भाच्या प्रत्येक तुकड्यावर तो कधीचा आहे याचा शिक्का हवा, आणि किती जुना चालेल हे सेवेगणिक वेगळे असले पाहिजे. हवामानाचा सल्ला देताना काल रात्रीची जागा चालेल. वायूचा व्हॉल्व्ह उघडताना एका मिनिटापूर्वीचीही चालणार नाही.

---

शिरपूरचे_आबा

चर्चा विद्वत्तापूर्ण आहे, पण एक बाजू सुटते आहे. सेवा देणाऱ्याला माझा संदर्भ कळावा म्हणून मी दिवसभर कुठे फिरतो हे त्याला का कळावे?

आमच्याकडे विहिरीवर मोबाइल स्टार्टर आहेत. खोक्यात सिम असते, नोंदवलेल्या नंबरवरून मिस्ड कॉल दिला की मोटार सुरू होते. त्याला माझी जागा लागत नाही. त्याला जे लागते ते त्याच्या समोरच असते. तिन्ही फेज आल्या आहेत का, आणि विहिरीत पाणी आहे की मोटार कोरडी चालेल, एवढेच. म्हणजे संदर्भ सेवेच्या बाजूचा आहे, माणसाच्या बाजूचा नाही. हल्ली आलेल्या नव्या धर्तीच्या एका अ‍ॅपने मात्र तेच काम करताना चोवीस तास लोकेशन, फोनबुक आणि फोटो असे सगळे मागितले. मी ते काढून टाकले आणि जुने खोके परत जोडले.

ई-पीक पाहणीला माझा विरोध नाही, हेही सांगतो. २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन पिकाचा फोटो काढायचा असतो आणि त्यासोबत जागेची नोंद जाते. तिथे जागा विचारण्याचे कारण आहे, कारण शेतात उभे राहूनच पीक सांगता येते. जागा एकदाच, मी बटण दाबतो तेव्हा, आणि माझ्या समक्ष घेतली जाते. आठे रेंज नई शे (इथे रेंज नाही), असे असले तरी फोटो फोनमध्ये ठेवून गावात आल्यावर पाठवता येतो. मोबाइलवाल्यांनी एवढीच शिस्त पाळली तर माझी तक्रार नाही.

---

प्रणालीकार

आबा, आपला मुद्दा पूर्णपणे मान्य आहे, आणि आपण केलेला फरक तांत्रिकदृष्ट्याही महत्त्वाचा आहे. 'हा फोन कुंपणाच्या आत आहे का' या प्रश्नाचे उत्तर फोन स्वतःच काढून फक्त हो किंवा नाही एवढेच पाठवू शकतो. अक्षांश-रेखांश सर्व्हरला देण्याची गरज नसते. अँड्रॉइडमध्ये २०१९ पासून अ‍ॅप वापरत असतानाच जागा देण्याचा पर्याय आहे आणि २०२१ पासून अंदाजे जागा देण्याचाही. हवामानाच्या सल्ल्याला अंदाजे जागा पुरते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' अ‍ॅप आसपासच्या २० ते ४० किलोमीटरांतल्या विजेचा इशारा देते. तिथे आपण कोणत्या झाडाखाली उभे आहोत हे मीटरमध्ये कळून काही फायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि २०२३ मध्ये व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात ज्या कामासाठी संमती घेतली त्या कामापुरतीच आवश्यक माहिती घ्यावी, हेच तत्त्व आहे.

फक्त एक अडचण आहे. फोनने दिलेल्या 'हो' वर विश्वास किती ठेवायचा? नकली लोकेशन दाखवणारी अ‍ॅप सहज मिळतात.

---

अक्राणीची_ताई (धडगाव)

मी आरोग्य खात्यात काम करते. नकली लोकेशनची भीती सर्वांना वाटते, म्हणून कुंपणे दिवसेंदिवस कडक होत जातात, आणि त्याचा भार लबाडी न करणाऱ्यांवरच पडतो.

रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी जागेची नोंद असलेल्या फोटोसह दिवसातून दोनदा अ‍ॅपवर घेणे १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले. बोगस हजेरी थांबावी हा हेतू योग्यच आहे. परंतु दरीत काम चालू असेल आणि रेंज टेकडीवर असेल, तर हजेरी घेणाऱ्याने काय करायचे, याचे उत्तर नियमातच असायला हवे. ते प्रत्येक वेळी त्या माणसाच्या हुशारीवर सोडून भागणार नाही.

माझ्या कामातला प्रसंग याहून गंभीर होता. एका प्रकल्पात गरोदर मातांच्या नोंदी पाहण्यासाठी फोन उपकेंद्राच्या आवारात असणे आवश्यक केले होते. गोपनीयतेच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. मात्र पाड्यावरून बांबूच्या झोळीत बाईला खाली आणून रस्त्यावर गाडीत घेतले, रक्तस्राव सुरू होता, आणि तिचा रक्तगट व हिमोग्लोबिनची शेवटची नोंद पाहायला गेले तर अ‍ॅपने मला उपकेंद्रात जायला सांगितले. उपकेंद्र मागे राहिले होते. शेवटी आशाताईंच्या वहीतून माहिती मिळाली.

म्हणून तापीकाठच्या सरांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे, की जिथे माहिती न मिळाल्याने जीव जाऊ शकतो, तिथे संदर्भ कळला नाही तरी आणि जुळला नाही तरीही दार उघडलेच पाहिजे. उघडणाऱ्याचे नाव, वेळ आणि त्याने दिलेले कारण नोंदले जावे, आणि नंतर वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ते तपासावे. मला नंतर जाब विचारला तरी चालेल. त्या क्षणी अडवू नये.

---

तापीकाठचा

ताई, रुग्णालयांच्या प्रणालींमध्ये अशी आणीबाणीची सोय ठेवण्याची पद्धत जगभर आहे. ती फिरत्या फोनवर आणताना मात्र सोयिस्करपणे वगळली जाते. तुमच्या आणि निंभोऱ्याच्या दाखल्यांतून मला एक कसोटी दिसते. दार चुकून उघडे राहिले तर नुकसान कोणाचे आणि ते भरून निघणारे आहे का, आणि दार चुकून बंद राहिले तर कोणाचे, हे दोन प्रश्न प्रत्येक क्रियेला स्वतंत्रपणे विचारावेत. एका सेवेतल्या सगळ्या क्रियांना एकच नियम लावणे हीच मूळची गफलत आहे. नोंद पाहणे, नोंद बदलणे आणि नोंद पुसणे यांची उत्तरे एक येणे शक्यच नाही.

नकली लोकेशनबद्दल माझे मत असे, की पुरावे एकमेकांपासून स्वतंत्र असावेत. जीपीएस, जवळचे बीकन आणि दाराचा सेन्सर हे तिन्ही एकाच वेळी खोटे पाडणे, एक अ‍ॅप टाकून लोकेशन बदलण्याइतके सोपे नाही. अर्थात लाभाची रक्कम मोठी असेल तर लोक तेही करतील.

---

निंभोरा_केळी

बीकनचा विषय निघाला म्हणून विचारतो. आमच्या चौकटीवरच्या बीकनची नक्कल कोणी करू शकते का? शेजारच्या चेंबरमधला कामगार गमतीने म्हणाला की तो आमचे दार आपल्या खिशात घेऊन फिरू शकतो. शिवाय आतली हवा दमट, त्यामुळे बीकन मधूनच गप्प होते, आणि मग व्यवस्थापक दाराशी उभा असूनही वायू सोडता येत नाही.

---

प्रणालीकार

कामगाराने गमतीत सांगितलेले अगदी खरे आहे. साधे बीकन एकच ठरलेली ओळख सतत हवेत ओरडून सांगत असते. ती कोणत्याही फोनला ऐकू येते आणि दुसऱ्या उपकरणातून तशीच्या तशी पुन्हा पाठवता येते. आपली ओळख ठरावीक वेळाने गुप्त किल्लीनुसार बदलणारी बीकन मिळतात, ती घ्यावीत. त्यात कालची ऐकलेली ओळख आज निरुपयोगी ठरते. ऐकताक्षणीच ती दूरवर पुन्हा प्रसारित करणारा हल्ला यानेही थांबत नाही. म्हणून दार बंद असल्याचा सेन्सर फोनमार्गे न जोडता थेट नियंत्रकाला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पंखा चालवणाऱ्या पेटीला, तारेने जोडलेला असू द्या आणि वायू सोडण्याचा अंतिम निर्णय फोनऐवजी नियंत्रकालाच घेऊ द्या.

दमट हवेसाठी बीकन चेंबरच्या आत न लावता चौकटीच्या बाहेरच्या बाजूला, डोक्याच्या उंचीवर, जलरोधक डबीत लावावे आणि त्याच्या बॅटरीची पातळी नियंत्रकाला कळत राहील असे मॉडेल निवडावे, म्हणजे ते गप्प होण्याआधीच सूचना येईल. ते गप्प झाले तर फोनवरून वायू सुटणार नाही, हे तसेच राहू द्या. त्या वेळी व्यवस्थापकाने दाराजवळच्या पॅनेलवर किल्ली फिरवून वायू सोडावा आणि त्याची नोंद व्हावी. आतल्या बाजूला, अडकलेल्या माणसाच्या हाताला लागेल असे लाल बटण मात्र कोणत्याही अ‍ॅपला, बीकनला किंवा नियंत्रकालाही न जोडता थेट व्हॉल्व्हच्या आणि पंख्याच्या तारेवर घ्या.